ओसाड कुणाला म्हणता?

सकाळपासून एकच फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. माळावर ओळीनं खणलेले दोन बाय दोनचे खड्डे, मागं बॅनर धरलेली पोरं, 'ओसाड माळ हिरवा करू'. आपला सोलापूरचा माळ, आणि ओसाड!

अहो, तिथं माती जेमतेम फूटभर, खाली मुरूम. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही खंड पाडत पडणारा. खड्डा खणला की मुरूम वर येतो, पवन्या, कुसळी, मारवेल ही गवतं मुळासकट जातात. रोप मे महिन्यात वाळतं, खड्ड्यात तण माजतं. गिरिपुष्पासारखं चिवट झाड जगलंच तर आणखी वाईट. त्याच्या सावलीत गवत मरतं आणि फांदीवरच्या कावळ्याला जमिनीवरची अंडी आयती सापडतात. धाविक, टिटवी, चंडोल, सगळ्या माळपक्ष्यांची वीण जमिनीवरच. माळढोक तर एका वेळी बहुधा एकच अंडं घालतो. १९७९ साली सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य झालं, ते याच उघड्या गवतात. त्या फोटोतल्या एकालाही हे ठाऊक नसेल?

सावली हवी, मान्य. मग वस्तीत, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी लावा की कडुलिंब.

तरी त्या पोरांवर राग नाही. त्यांनी माळ पाहिला तो उन्हाळ्यात, खड्ड्यांच्या दिवशी. ज्यांना खरंच काही करायचंय त्यांनी वही घ्या. चार खुंट्या आणि सुतळीनं एक मीटरची चौकट आखा. दर पंधरवड्याला त्याच वेळी तिथं जा. गवताची उंची सेंटिमीटरात, उघडी जमीन किती, जाती किती, लेंड्या कुणाच्या ते लिहा. नाव येत नसेल तर अ, ब, क म्हणा आणि तुऱ्याचं चित्र काढा. पेन्सिलनंच, शाई पहिल्या सरीत पसरते. लिहायचं तिथंच उभं राहून. घरी आठवून लिहिलं की 'बरेच पक्षी' एवढंच उरतं. पाहिलेलं डावीकडं, अंदाज उजवीकडं. काही दिसलं नाही तर तेही लिहा. नाहीतर पुढं कळतच नाही, चंडोल नव्हता की माणूसच गेला नव्हता. टिटवी डोक्यावर ओरडत फिरायला लागली की मागं फिरा, चौकट राहू दे. अंड्यांचे फोटो तर टाकूच नका.

चातक पहिल्यांदा कधी ओरडला, कुसळीला तुरा कधी आला, तेही टिपा. पाऊस लांबतोय म्हणणारे पुष्कळ, तारीख कुणाकडंच नसते.

आणि ती पानं वृक्षारोपणवाल्यांना मार्चमध्येच दाखवा. जूनपर्यंत थांबलात तर रोपं आलेली असतात, बॅनरही छापलेला असतो.