एक ऑगस्टचा फळा

लालबागला आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर मंडळाचा फळा आहे. उद्याचा दिनविशेष आदल्या रात्री त्यावर लिहायचं काम माझ्याकडे. ३१ जुलैला ओल्या फडक्याने फळा पुसला, तारीख घातली आणि कट्ट्यावर विचारलं, "आधी कोण? लोकमान्य की अण्णा भाऊ?"

पिंट्या एमपीएससीची तयारी करतोय. तो लगेच म्हणाला, "नुसती तारीख नाही, सालही एकच. १ ऑगस्ट १९२०. मध्यरात्र उलटल्यावर सरदारगृहात टिळक गेले आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णा भाऊ जन्मले. एक लोकमान्य गेले, एक लोकशाहीर आले. गांधीजींची असहकाराची चळवळही त्याच दिवशी सुरू झाली. याला योगायोग म्हणायचं?"

"योगायोगच," मास्तर म्हणाले. ते गणित शिकवतात. "२३ माणसं जमली की त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकच निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. डार्विन आणि लिंकन दोघंही १२ फेब्रुवारी १८०९ चे. त्यातून काय सिद्ध झालं?"

"तारखांचं मला नका सांगू," काका म्हणाले. गिरणी बंद पडेपर्यंत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिलेले काका. "माझा वाढदिवस १ जून. माझ्या भावाचाही १ जून. आईला आठवत होतं ते एवढंच, की पेरण्या चालल्या होत्या."

हे घराघरातलं आहे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, पोराचं वय भरायला हवं, म्हणून गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्या एका तारखेवर आपल्याकडची किती माणसं ३१ मेला निवृत्त झाली असतील!

इतका वेळ गप्प बसलेला कट्ट्यावरचा भाऊ तेव्हा बोलला. "योगायोग असो नाहीतर नसो, दरवर्षी टिळक वर, मोठ्या अक्षरात. जागा उरली तर खाली अण्णा भाऊ. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस 'फकिरा' लिहितो आणि त्याच्या वाट्याला फळ्याची कड येते. मला ते लागतं."

खरं होतं. गेल्या वर्षी अण्णा भाऊंचं नाव मीच कडेला दाबून बसवलं होतं. मी काही बोलू शकलो नाही.

"मग टिळकांना खाली घ्यायचं का?" पिंट्याने विचारलं.

"वर-खाली करताय कशाला?" काका म्हणाले. "१९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरण्या कुणी बंद पाडल्या? ह्याच भागातल्या कामगारांनी. वर्षाला एक दिवस, असे सहा दिवस. गोळीबार झाला, माणसं मेली, तरी साचे हलले नाहीत. पुढे वाटेगावाहून बापाबरोबर चालत आलेलं पोरगं याच कामगारांत राहिलं, गिरणीत राबलं, लाल बावट्याखाली डफ घेऊन उभं राहिलं."

मास्तर सरसावून बसले. "त्या संपाबद्दल लेनिनने तेव्हाच लिहिलं होतं. आणि अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, १९६१ ला रशिया पाहून आले. हा धागा मात्र योगायोगाचा नाही, पिंट्या. हा माणसांनी विणलाय."

मलाही तेच वाटतं. टिळक आणि अण्णा भाऊंची वाट एक नव्हती, विचार तर नव्हतेच, आणि कॅलेंडरच्या एका चौकोनात बसले म्हणून ते एक होणार नाहीत. पण दोघांच्या मागे गिरणगाव उभं राहिलं. टिळकांसाठी साचे थांबले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंची 'माझी मैना' ऐकताना घर गावाकडे ठेवून आलेला कामगार रडला. १ ऑगस्टला सांगायचं ते हे, आणि आम्ही वर्षानुवर्षं नुसत्या दोन तसबिरींना हार घालत आलो.

मी दोन्ही नावं एका ओळीत, एकाच मापाच्या अक्षरांत लिहिली. भाऊने जवळ येऊन अक्षरं न्याहाळली आणि 'साठे'ची पुसट झालेली मात्रा स्वतः खडूने गडद केली.

"खाली आणखी एक ओळ टाक," काका म्हणाले. "२३ जुलै १९०८. गिरण्या बंद, दिवस पहिला."

पिंट्या एकदम म्हणाला, "काका, २३ जुलै म्हणजे टिळकांचा वाढदिवस!"

मास्तर काही बोलायच्या आत मी ती ओळ लिहून टाकली.