एका पोरीसाठी सात टेबलं

आज वाडीच्या ग्रुपवर एक वाक्य वाचलं आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. ग्रुपवरच उत्तर दिलं असतं तर शब्दाला शब्द वाढला असता. ज्यांनी लिहिलं ते नात्याने माझे भावोजी, वयानेही मोठे. म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे, सवडीने वाचा.

झालं असं. आज आमच्या शाळेत शाळा पूर्वतयारी मेळावा होता. संगमेश्वर तालुक्यातली वाडीची शाळा आमची. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, पट म्हणजे एकूण मुलं नऊ. माझा मुलगा तिथेच शिकतो. जूनमध्ये पहिलीत येणारं मूल यंदा एकच, खालच्या घरातली पोरगी. नाव मोठं आहे तिचं, पण आम्ही सगळे तिला बायच म्हणतो. मी मेळाव्याचे चार फोटो ग्रुपवर टाकले. दहा मिनिटांत भावोजींचा मेसेज आला: "एका पोरीसाठी सात टेबलं? आणि मग विचारायचं शाळा का बंद करतात." खाली तीन हसरे चेहरे. ते कुणाचे हेही मला माहीत आहे.

आधी त्या टेबलांचं सांगते. शाळेत टेबलं आहेत दोन. त्यातल्या एकाचा पाय डुगडुगतो म्हणून खाली पुठ्ठा घालतो. तिसरं आलं देवळातून, देवळाच्या सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवतात त्या चौथऱ्यावर, असतं ते. आणखी एक म्हणजे शाळेच्या बाईंचा बाक. उरलेली तीन म्हणजे आंब्याचे प्लास्टिकचे क्रेट उलटे घालून वर फळी टाकली आणि त्यावर माझ्या सासूबाईंच्या जुन्या साड्या पसरल्या. काल संध्याकाळी आम्ही चौघीजणी आणि शाळेची नऊच्या नऊ पोरं हेच करत होतो. चौथीतल्या मुलीने खडूने प्रत्येकावर आकडे घातले, एक ते सात. खर्च शून्य. भावोजी, तुम्हाला फोटोत टेबल दिसलं. आम्हाला फळी उचलताना बोटात गेलेली कुसळं दिसतात.

सातच का, तर मेळाव्याची पद्धतच तशी आहे. करोनाने शाळा जवळजवळ दोन वर्षं बंद होत्या, त्यानंतर २०२२ पासून राज्यभर हे सुरू झालं. मूल आईबापाचं बोट धरून येतं, पहिल्या टेबलावर नाव नोंदवतं, मग उड्या, चेंडू, रंग, आकार, चित्र बघून बोलणं, मोजणं असं करत करत पुढे जातं, आणि शेवटचं टेबल पालकांचं. घरी काय करून घ्यायचं ते तिथे सांगतात. यात परीक्षा नाही, कुणाला नापास करणं नाही. शाळा म्हणजे काय ते पोराला जूनच्या आधी एकदा कळावं, एवढंच. शंभर मुलं असोत की एक, टेबलं सातच. एका मुलाला काय दीड टेबल मांडायचं?

तर बाय आली. नवा फ्रॉक, केसाला अबोलीचा वळेसर, हातात कैरी. कैरी काही सोडेना. सकाळी प्रभातफेरी निघाली तेव्हा पोरांनी शिमग्यातला ढोल काढला होता. तो ऐकूनच ती पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून पळत आली म्हणे, तिची आई मागून चपला घेऊन. पहिल्या टेबलावर चौथीतल्या मुलीने वहीत नाव लिहिलं आणि तिला अंगठीएवढा कागदी बिल्ला लावला. लंगडी घालायला सांगितली तर ही अख्ख्या अंगणाला फेरी मारून आली.

मग वस्तू वेगळ्या करायचं टेबल. काजूच्या बिया, चिंचोके आणि खडे एकत्र करून ठेवले होते. एकसारखे एकत्र कर, बाई म्हणाल्या. तिने चिंचोके आणि खडे झटकन बाजूला सारले आणि मग काजूच्या बियांचेच दोन ढीग करत बसली. बाईंना वाटलं चुकतेय. विचारलं, हे दोन का गं? तर म्हणे, "ही विकायची, ही घरात भाजायची." एका ढिगात भरलेल्या, दुसऱ्यात चिमलेल्या. पाच वर्षांची पोर. आजीबरोबर रोज खळ्यात बसते ना. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि एकेक बी उचलून बघितली. एकही चुकली नव्हती.

हे सांगताना आत्ताही अंगावर काटा येतोय. कारण बाई बियांकडे बघू शकल्या. त्यांना वेळ होता, समोर एकच मूल होतं.

आणि त्यानंतरच्या, चार नंबरच्या टेबलावर जे झालं, ते तर मी विसरणारच नाही. तिथे प्रश्न होता, जत्रेत हरवलीस तर काय करशील? बाय क्षणभर बाईंकडे बघत राहिली, जणू प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, "मी नाय हरवत. मला सगली वलखतात."

अंगणात वीसेक माणसं उभी होती. मुलं नऊ, पण मेळाव्याला वाडी येते. आंबे काढायचे सोडून गडीमाणसं आली होती, पोषण आहार शिजवणारी ताई हात पुसत दारात उभी होती. कुणी हसलं नाही.

आता भावोजींना विचारते, सगळ्यांसमक्ष. शिमग्याला तुम्ही मुंबईहून येता. रात्रभर गाडी चालवून येता, कारण पालखी दारात यायची असते. तुमचं घर वर टोकाला. वर्षातले साडेअकरा महिने कुलूप. तुम्ही येऊन झाडून काढता, रांगोळी घालता, आणि पालखी पंचाहत्तर पायऱ्यांची पाखाडी चढून तुमच्या दारात येते. तुमच्या शेजारी एक म्हातारी एकटी राहते, तिच्याही दारात येते. ओटी भरतात, गाऱ्हाणं घालतात, पालखी नाचवतात. कधी कुणी म्हटलं का, एका म्हातारीसाठी चढायचं कशाला? चार घरं एकत्र करा, सगळ्यांनी खाली सहाणेवरच या, तिथेच दर्शन घ्या, मानकऱ्यांचा वेळ वाचेल? असं बोलणाऱ्याला तुम्ही गावात ठेवला असता का? मग पोरीच्या बाबतीत हा हिशोब कुठून आला?

मला माहीत आहे कुठून आला. वरून आला. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करायचे, म्हणजे अशा लहान शाळा मिळून एक मोठी शाळा करायचे, प्रस्ताव मागवले, तेव्हापासून हे ज्याच्या त्याच्या तोंडी बसलंय. अशा शाळा राज्यात १४,७८३ निघाल्या आणि त्यात शिकणारी मुलं १ लाख ८५ हजारांच्या वर. पुण्याकडे पानशेतला आणि नंदुरबारकडे तोरणमाळला असं केलंय ते बघा म्हणाले. तिथलं तिथे. इथे जूनमध्ये पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलं की त्यावरचा साकव, आमचा छोटा पूल, दिसत नाही. गाडी देतील म्हणे. गाडी साकवापलीकडे उभी राहणार, आणि अलीकडे छत्री धरून सहा वर्षांची पोर. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. पहिली ते पाचवीसाठी घरापासून १ किलोमीटरच्या आत शाळा पाहिजे, हे आपल्या राज्याच्या नियमात आहे. हे काय मी भावोजींना शिकवायचं? ते शिकलेत याच शाळेत. त्यांच्या नावाची नोंद त्याच जनरल रजिस्टरमध्ये आहे.

थांबते जरा. फार तापले.

बरं, जे खरं आहे ते खरं. खो-खोला एका बाजूला नऊ लागतात, आमची अख्खी शाळा मिळून एकच बाजू होते. माझा मुलगा तिसरीत एकटा आहे, त्याच्या वर्गात त्याच्या वयाचं दुसरं कुणी नाही, आणि त्याचा त्रास मला रात्री होतो. शाळेचे दुसरे सर अर्धा वेळ दुसऱ्या शाळेत कामगिरीवर असतात, आणि बाईंना चारही वर्ग एका खोलीत घेऊन वर ऑनलाइन माहिती भरायची, मतदार याद्या बघायच्या. हे सगळं मान्य. आणि हेही मान्य की वर्गातले दोन पंखे भावोजींनीच गेल्या वर्षी दिले, न मागता.

म्हणूनच जास्त लागलं. परक्या माणसाने लिहिलं असतं तर पुढे सरकवून टाकलं असतं.

पण पोरं कमी झाली ती शाळेमुळे झाली का? वाडीतली अर्धी घरं मुंबई-पुण्याला गेली. उरलेल्यातल्या काहींनी पोरं तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवली. आपणच काढून न्यायची आणि आपणच म्हणायचं पट नाही. पाडव्याला बाई दारोदार फिरल्या, 'गुढीपाडवा, पट वाढवा' म्हणत, उन्हात, हातात पत्रकं घेऊन. मीही होते बरोबर. एका घरी आम्हाला सरबत दिलं, बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, आमचं आधीच ठरलंय. बाई हसून "असू दे" म्हणाल्या. बाहेर पडल्यावर पाच मिनिटं बोलल्या नाहीत. दुसऱ्या घरी बाय होती. तिच्या आजीने विचारलं, "शाळा ऱ्हाईल ना वो?" बाईंनी काय सांगायचं? चौथीतली दोघं जाणार, बाय येणार, म्हणजे पट आठ. पुढचं सगळं त्या आठाच्या आकड्यावर. सप्टेंबरअखेरचा पट मोजला जाईल, संचमान्यता येईल, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर तो कागद, मग कळेल. या वाडीत लोक पावसाची वाट बघतात तशा बाई त्या कागदाची बघतात.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मला कुणी ओळखत नव्हतं. मी मोठ्या शाळेत शिकले, साठ मुलींच्या वर्गात. चार वर्षं एकाच बाकावर बसले आणि माझ्या वर्गशिक्षिकेला शेवटपर्यंत माझं नाव दुसऱ्याच मुलीच्या नावात मिसळायचं. वाईट नव्हत्या त्या, साठ होतो आम्ही. म्हणून बायचं ते वाक्य मला असं धरून बसलंय. मला सगली वलखतात. ती तोऱ्यात बोलली नाही हो. आज उन्ह आहे, तसं सांगितलं. हे वाक्य मी आयुष्यात कधी शाळेत उभं राहून बोलू शकले नसते.

उद्या ही पोर सात-आठ किलोमीटरवरच्या समूह शाळेत गेली, तर तिथे खेळायचं मैदान मोठं असेल, संगणक असतील, सगळं असेल. तिथे तोच प्रश्न विचारला तर ती काय उत्तर देईल?

आणि शाळा गेली की वाडीत उरतं काय, हेही बघा ना. फेब्रुवारीत मराठी भाषा दिनाला पोरांनी ग्रंथदिंडी काढली, ती आमच्या दारावरून गेली म्हणून सासूबाईंनी वीस वर्षांनी हातात पुस्तक धरलं. पोरांचा बाजार भरला तेव्हा तिसरी-चौथीची पोरं करवंदं, काजूची बोंडं, कोकमं विकायला बसली आणि सुटे पैसे परत देताना गुणिले-भागिले आपोआप झालं. गेल्या महिन्यात पालखी शाळेच्या अंगणातही आली होती, तिथेही गाऱ्हाणं घातलं. माहीत आहे काय मागितलं? "ह्या लेकरांची शाळा भरती ठेव." मानकरी म्हणाले आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. भावोजी, तुम्ही तिथे उभे होता. तुमचाही आवाज होता त्यात, मी ऐकलाय.

मग महिन्याभरात काय झालं?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. तुम्ही वाईट मनाने लिहिलं नसेल, कदाचित मोबाइलवर येता-जाता टाकलं असेल. पण बायच्या आईचाही नंबर त्या ग्रुपमध्ये आहे. तिने वाचलंय. संध्याकाळी मला विहिरीवर भेटली तेव्हा म्हणाली, "वहिनी, आमच्या एकटीमुळे उगाच तुम्हाला तरास झाला." हे तिला म्हणायला लागलं, याचं मला सगळ्यात वाईट वाटतंय. तिने आज शेवटच्या टेबलावर बसून बाईंचं सगळं ऐकून घेतलं, मिळालेली कार्डं छातीशी धरून घरी नेली. स्वतः चौथीनंतर शाळा सुटलेली बाई आहे ती, पाचवीची शाळा लांब होती म्हणून सुटली.

भावोजी, १ मेला सकाळी झेंडावंदन आहे आणि त्यानंतर निकाल. चौथीतल्या दोघांचा निरोप समारंभही तेव्हाच उरकणार आहोत. दोघंही भाषण पाठ करतायत, एकाचं पाठ होत नाहीये. आंब्याला तुम्ही येताच मे महिन्यात. या वेळी दोन दिवस आधी निघा. सतरंजीवर बसायची तयारी ठेवा, खुर्च्या चारच आहेत. बायला हाताला धरून पहिलीच्या रांगेत उभं करायचं आहे त्या दिवशी, जूनच्या आधीच. तिने आज विचारलं, उद्या येऊ का? बाईंनी हो म्हटलंय.

आता झोपते. सकाळी लवकर उठून क्रेट परत द्यायचेत, हापूस काढायला गडी येणार आहेत. एकावर चारचा आकडा आहे खडूने घातलेला, तो मी पुसलेला नाही.