अकरा महिन्यांचं पंचांग

पंचांगात दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो. भाडेकरूच्या पंचांगात तो कधीच येत नाही, उलट दरवर्षी एक महिना क्षय. आमचं वर्ष अकरा महिन्यांचं. लग्नाला पाच वर्षं झाली आणि आम्ही आता सहाव्या घरात आहोत. दहिसर, बोरिवली, मालाड, पुन्हा बोरिवली (एजंटनं फसवलं), कांदिवली, गोरेगाव. हळूहळू चर्चगेटच्या दिशेनं सरकतोय, असं मी सासऱ्यांना सांगतो. या वेगानं निवृत्तीपर्यंत दादर गाठीन.

हे अकरा महिने आले कुठून, ते मी एकदा शोधून काढलं. 1908च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. म्हणून कुणा हुशार माणसानं एक महिना कापला. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आला. त्याचं 55वं कलम म्हणतं, करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. पळवाट बुजली, पळायची सवय मात्र गेली नाही.

कांदिवलीचे घरमालक काका फार प्रेमळ. "घर आपलंच समजा," म्हणाले. मग खालच्या आवाजात, "नोंदणीबिंदणी कशाला? स्टॅम्पचा कागद, नोटरीचा शिक्का, झालं!" मी नम्रपणे म्हटलं, "काका, नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय पुढे वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात." हे शेवटचं वाक्य त्यांना कैदेपेक्षा जास्त लागलं. दुसऱ्याच दिवशी अंगठ्याचं मशीन घेऊन मुलगा दारात हजर.

माझा अंगठा एका फटक्यात उठला. काकांचा उठेना. लाल दिवा, पुन्हा लाल दिवा. मुलगा म्हणाला, "काका, अंगठा जरा केसांतून फिरवा, तेल लागलं की येतो." काकांच्या डोक्यावर ती सोय नव्हती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि शेजारी बसलेल्या काकूंच्या अंबाड्यावर अंगठा घासला. हिरवा दिवा! काकू म्हणाल्या, "पस्तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या केसांवरून हात फिरवला यांनी."

सरकारनं या सगळ्याचे पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी घेतली. एजंटनं महिन्याचं अख्खं भाडं घेतलं. घर दाखवताना त्यानं कुलूप उघडलं होतं, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगू शकतो.

'आपलंच समजा' या घराच्या करारात एकतीस अटी होत्या. अकरावी अशी : 'भिंतीस खिळा मारता येणार नाही.' आता मला सांगा, मराठी घर खिळ्याशिवाय चालतं का? कालनिर्णय लावायचं कुठं? पहिले काही महिने ते फ्रिजच्या हँडलला टांगलं होतं. दूध काढायला दार उघडलं की एकादशी कोथिंबिरीत जायची. दूधवाल्याचे खाडे, गॅसची तारीख, भिशीचा नंबर, बायकोचा सगळा संसार त्या कागदावर. आणि तो सारखा जमिनीवर. शेवटी अनंत चतुर्दशीला खाली ढोल-ताशा सुरू झाला, तसा मी हातोडा काढला. तीन ठोके. सेक्रेटरींना पत्ता लागला नाही.

सेक्रेटरी हा स्वतंत्र विषय आहे. "भाडेकरूंमुळे मेंटेनन्स वाढतो," असं ते मला लिफ्टमध्ये, माझ्याकडे न बघता सांगत. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त ते घेता येत नाही, हा शासनाचा 2001पासूनचा नियम. बिल मालकाच्या नावानं निघतं, भाड्यात मिसळून माझ्यापर्यंत येतं आणि लिफ्टमध्ये ऐकून घ्यायचं मीच.

अकरा महिने संपले. दीड लाख अनामत काकांकडे. ते टॉर्च घेऊन आले. दातांचे डॉक्टर दाढ बघतात तशी त्यांनी भिंत पाहिली, तळहात फिरवला आणि मोजायला लागले, "हे एक... हे दोन..." आकडा नवावर थांबला. "रंग काढावा लागणार सगळा. अठरा हजार."

"काका, माझं फक्त एक. आठ आधीपासून होती."

"पुरावा?"

पहिल्याच घरात हात पोळल्यामुळे मी चावी घेताना प्रत्येक भिंतीचा फोटो काढतो. मोबाईल पुढे केला. फोटोत काका स्वतःच चावी देताना हसत उभे, मागे हॉलची भिंत आणि तिच्यावर आठ भोकं, तारखेसकट. काकांनी चष्मा वर केला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिले.

"तेव्हा मी जरा बारीक होतो, नाही?" ते म्हणाले. "हा मला पाठवून ठेवा."

एका खिळ्याचे पाचशे कापून बाकीची अनामत मिळाली. त्यात फोटो पाठवण्याचं भाडं मी धरलं नाही.

गोरेगावचं घर बघायला गेलो तेव्हा एजंट बाल्कनीतून डोंगर दाखवत होता. बायको आत स्वयंपाकघरात. तिथूनच ओरडली, "अहो, हेच घ्या!" जाऊन बघतो तर फ्रिजच्या जागेच्या वर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, एक दणकट खिळा. आधीच्या कुणा पुण्यवानानं ठोकलेला. घर पश्चिमेला तोंड करून होतं, बाथरूमचा नळ गळत होता, भाडं दोन हजारांनी जास्त होतं. ती काही ऐकेना.

करारावर सही करताना नव्या मालकीणबाईंनी मागं जोडलेल्या वस्तूंच्या यादीकडे बोट दाखवलं. "नीट वाचून घ्या हं, जाताना सगळं जागच्या जागी पाहिजे." मी वाचलं. पंखे 3 नग. ट्यूबलाइट 4 नग. गीझर 1 नग. खिळा (स्वयंपाकघर) 1 नग.