एमजीए खान्देशातच उभी राहणार

जुनी स्पोर्ट्स कार बिघडली की ट्रकवर चढवायची आणि मुंबईला नाहीतर पुण्याला धाडायची, असा समज आपल्याकडे पक्का बसलाय. तो मोडावा म्हणून ही पोस्ट. अमळनेरजवळच्या एका गावात, गाडीचे मालक नाना यांच्या वाड्यात सध्या एक एमजीए, म्हणजे एमजी कंपनीची जुनी विलायती स्पोर्ट्स कार, उघडून ठेवलीय. रविवारी धुळ्याहून, जळगावहून, पारोळ्याहून, चाळीसगावहून माणसं तिथे जमतात. तिथलं काम मी जवळून बघतोय आणि जबाबदारीने सांगतोय: ही गाडी पुन्हा उभी करायला जे ज्ञान लागतं, ते जवळजवळ सगळं खान्देशात आहे. ते एका गॅरेजात मिळत नाही, एवढंच. थोडं मिस्तरीकडे, थोडं लेथवाल्याकडे, थोडं सुताराकडे, थोडं तांबटाकडे. या लोकांना एका अंगणात आणणं हे आम्हा हौशी मंडळींचं खरं काम आहे.

गाडीबद्दल थोडं सांगतो. एमजीए १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. एकूण लाखभर गाड्या, त्यातल्या बहुतेक परदेशी गेल्या, त्यातही अमेरिकेला जास्त. दोन सीट, कापडी टप, जमिनीलगत बसलेली बॉडी. बाहेरून दाराला हँडलच नाही. हात आत घालून दोरी ओढली की दार उघडतं. गावातल्या पोरांना याचंच सगळ्यात जास्त अप्रूप आहे. नानांच्या वडिलांनी कापसाला बरा भाव आलेल्या एका वर्षी मुंबईतल्या पारशी कुटुंबाकडून ही गाडी घेतली होती. पुढे ती चालवणारं घरात कुणी उरलं नाही. गाडी गोदामात ताडपत्रीखाली गेली. उंदरांनी वायरिंग कुरतडलं, पेट्रोलच्या टाकीला आतून गंज धरला, इंजिन जाम झालं. नानांनी आधी मोठ्या शहरातल्या एका वर्कशॉपला विचारलं. तिथून आलेला आकडा ऐकून त्यांनी विकायचं ठरवलंही होतं. गिऱ्हाईक तयार होतं, पण त्याला आतलं इंजिन फेकून नव्या गाडीचं इंजिन बसवायचं होतं. तिथेच आमच्यातल्या काहींनी नानांना हात जोडले, म्हटलं थोडं थांबा.

आता इंजिनाची गोष्ट, कारण सगळं तिथूनच फिरलं.

आप्पा धुळ्याचे. उभी हयात आग्रा रोडवर टॅक्सी आणि ॲम्बॅसॅडर दुरुस्त करण्यात गेली. मुलगा दुसऱ्या धंद्यात, गॅरेजचं शटर आता अधूनमधून उघडतं. त्यांना आम्ही आणलं तेव्हा ते नुसतं बघू म्हणून आले होते. बॉनेट वर केलं, वाकून एका बाजूने पाहिलं, टॅपेट कव्हर काढायला सांगितलं. मग म्हणाले, "हाई ते ॲम्बॅसॅडरनंच इंजिन शे, भो!"

आप्पांचं म्हणणं बरोबर होतं. एमजीएच्या सुरुवातीच्या गाड्यांमध्ये १४८९ सीसीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीचं बी-सिरीज इंजिन आहे. आपल्या ॲम्बॅसॅडरलाही पहिल्या एक-दोन वर्षांनंतर हेच १४८९ सीसीचं इंजिन आलं आणि पुढे कित्येक वर्षं तिने त्यावरच रस्ते तुडवले. बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८८.९ मिलिमीटर, दोन्हीकडे तेच. क्रँकला तीन मेन बेअरिंग, तीही तशीच. फरक आहे तो वरच्या अंगाला. एमजीएला एकाऐवजी दोन एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) आणि कॉम्प्रेशन ८.३ ला एक, म्हणजे ॲम्बॅसॅडरपेक्षा चांगलंच जास्त. त्यामुळे पिस्टन घेताना नुसता साइज सांगून भागत नाही, माथा सपाट आहे की खोलगट हे हातात घेऊन बघावं लागतं. हे आप्पांनी दुकानात उभं राहून, काउंटरवरच्या पोराला समजावून सांगितलं. ज्या इंजिनासाठी नाना परदेशातून पार्ट मागवायला निघाले होते, त्याची बेअरिंग आणि रिंगा जुना माल ठेवणाऱ्या दुकानदारांच्या फळ्यांवर धूळ खात पडल्या होत्या.

जाम झालेलं इंजिन सोडवायची आप्पांची पद्धतही लिहून ठेवण्यासारखी आहे. प्लग काढून चारही भोकांत डिझेल आणि ऑइल ओतलं, आणि कुणीही पाना लावून जोर करायचा नाही अशी ताकीद दिली. मुरू द्यायचं. मग गाडी टॉप गिअरला टाकून मागे-पुढे अगदी थोडी हलवायची, पुन्हा सोडून द्यायची. घाई केली तर रिंग तुटते आणि बोअरला ओरखडा जातो. आमच्यातल्या दोन तरुणांचे हात शिवशिवत होते, आप्पांनी त्यांना गाडीपासून लांब बसवलं. इंजिन सुटलं ते न तुटता सुटलं. बोअरिंग, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कातून एकसारखे करणं, जळगावला झालं. लेथवर बसलेल्या गृहस्थांनी बोअर गेज फिरवून सांगितलं की तीस थाऊत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) काम होतं, चाळीसला जायची गरज नाही. धातू जितका कमी काढाल तितकं पुढच्या पिढीला एक बोअर जास्त मिळतं. असा विचार करणारा माणूस एमआयडीसीच्या एका लहान शेडमध्ये बसलाय. त्याचं नाव कुठल्याही विंटेज कार रॅलीच्या पत्रिकेवर छापलं जाणार नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बॉडीचं काम मला सगळ्यात अवघड वाटत होतं. एमजीएची चेसिस आणि मडगार्ड लोखंडी, पण बॉनेट, डिकीचं झाकण आणि दारांचा पत्रा ॲल्युमिनियमचा. नानांच्या बॉनेटला मोठा पोचा होता, कधीतरी वरून काही पडलं असावं. नेहमीचे डेंटर लोखंडी पत्र्याला सरावलेले. ते पोचा काढायला जातात तर ॲल्युमिनियम ताणलं जातं नाहीतर चिरतं. मग पुट्टी भरून वर रंग मारतात. पुट्टीला माझा ठाम विरोध होता. कुणीतरी तांबट आळीतल्या एका म्हाताऱ्या कारागिरांचं नाव काढलं. त्यांनी गाडीच्या पत्र्याला जन्मात हात लावला नव्हता. बॉनेट बघून त्यांनी साबणाची वडी मागितली. पोच्याभोवती साबण घासला आणि मागून मंद ज्योत फिरवली. साबण काळपट झाला की ज्योत बाजूला. तेवढ्या उष्णतेने पत्रा मऊ होतो, त्याहून जास्त दिली तर वितळून भोक पडतं, आणि ॲल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही, त्यामुळे डोळ्यांना कळतच नाही. साबणाचा रंग हाच त्यांचा थर्मामीटर. मग आतून लाकडी हातोडी, बाहेरून गुळगुळीत ठोकणी, ठोके इतके हलके की आवाजही फारसा येत नव्हता. दुपारपर्यंत पोचा गेला. हंड्या-घागरींचं काम कमी झालं म्हणून या माणसाचा हात रिकामा बसलाय, आणि आपण म्हणतो खान्देशात कारागीर मिळत नाहीत.

बाकीची कामं तशी सरळ निघाली. एमजीएच्या पायाखालची जमीन प्लायवूडची असते, ती गावच्या सुताराने जुन्या तुकड्यांवरून माप घेऊन नवी केली. मागचे कमानपाटे टेम्पोचे पाटे ठोकणाऱ्याने नीट केले. तारांची चाकं, एकेका चाकाला ४८ स्पोक, सायकलच्या दुकानातल्या काकांनी लयीत आणली. वायरिंगला मात्र सगळे बिचकत होते. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे, आणि बॉडीला अर्थ प्लसचा. आजच्या गाड्यांत बॉडीला मायनस असतो, म्हणून नवी पोरं सवयीने उलटं जोडतात आणि काहीतरी जाळून बसतात. एरंडोलकडचे एक ट्रॅक्टर इलेक्ट्रिशियन शांतपणे म्हणाले, "आमच्या जुन्या फर्ग्युसनला असंच होतं." आणि कामाला बसले.

आता दोन-तीन गोष्टी, ज्यांवर आमच्याच मंडळींत वाद झाले. माझं मत मी लपवणार नाही.

पहिली गोष्ट पैशाची. हौशी माणूस रविवारी येतो, पाना धरतो, फोटो काढतो आणि आनंद घेऊन घरी जातो. त्याने फुकट यावं, त्यात काही वावगं नाही. पण आप्पा, लेथवाले, तांबटबाबा, सुतार यांचं हे पोट आहे. "आवडीचं काम आहे, त्यांनाही मजा येते" असं म्हणून त्यांची मजुरी बुडवणं मला चोरी वाटते. नानांनी प्रत्येकाला रोख मजुरी दिली, दिवस मोडला त्याचेही पैसे दिले, म्हणून हे काम टिकलं. भरीत-पुरीच्या जेवणावर कारागीर राबवून घेणाऱ्यांनी अशा गाड्या ठेवू नयेत.

दुसरी गोष्ट अस्सलपणाची. काही जण म्हणतात, प्रत्येक नट विलायतेचा हवा. काही म्हणतात, नवं इंजिन टाका, रोज चालवा. मला दोन्ही पटत नाही. जिथे मूळ वस्तू वाचते तिथे ती वाचवावी, जिथे ती गेलीच आहे तिथे इथल्या हाताने तशीच घडवावी. इंजिन बदललं की गाडीचं फक्त टरफल उरतं. आणि ॲम्बॅसॅडरची बेअरिंग बसवून या इंजिनाची जात बदलत नाही, घराणं एकच आहे.

तिसरी गोष्ट वहीची. नानांच्या सूनबाईंनी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवलीय. कोणता बोल्ट कुठून निघाला, कोणत्या पिशवीत गेला, कोणी काय मोजलं, आप्पा काय म्हणाले, सगळं तारखेसह. शेजारी फोटो. आमच्यातल्या काहींना सुरुवातीला ती कारकुनी वाटली. आज गाडी जोडायला घेतल्यावर त्या वहीशिवाय कुणाचं पान हलत नाही. आप्पांच्या डोक्यात जे आहे ते आप्पांबरोबर जाऊ नये, यासाठी त्या वहीइतकं काम आमच्यापैकी कुणीच केलेलं नाही. ज्याच्या घरी जुनी गाडी आहे त्याने आधी वही घ्यावी, मग पाना.

नियमांबद्दलही लोक इनबॉक्समध्ये विचारतात. २०२१ साली केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. दर्जा मिळतो हे चांगलं आहे, पण मोकळीक जाते. ज्यांची जुनी नोंदणी जिवंत आहे त्यांनी घाईने अर्ज करण्याआधी नीट विचार करावा, असं माझं मत आहे. गाडी चालती राहिली तरच मिस्तरी शिकता राहतो.

आणि पेट्रोल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. या काळातल्या एसयू कार्ब्युरेटरमध्ये जेटला बुचाच्या लाकडाचे सील असतात, नळ्या जुन्या रबराच्या. इथेनॉल जुनं रबर खातं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत पुन्हा गंज धरायला तेवढं पुरतं. आम्ही सगळ्या नळ्या बदलल्या, बुचाच्या जागी इथेनॉल सोसणारे सील घातले, टाकी आतून साफ करून घेतली. ज्यांच्याकडे जुनी फियाट, हेरल्ड किंवा ॲम्बॅसॅडर आहे त्यांनीही हे आजच तपासावं. गळकी नळी गरम मॅनिफोल्डवर ठिबकली तर गाडी पेटते, आणि आपल्या वैशाखात तर मुळीच हयगय करू नका.

आज गाडी कुठवर आली ते सांगतो. इंजिन जोडून चेसिसवर बसलंय, वायरिंग पूर्ण आहे, ब्रेकची लाइन या रविवारी होईल. अडलंय ते एका कार्ब्युरेटरवर. मागच्या एसयूचा वरचा डोम आणि त्यातला पिस्टन गायब आहे. हे दोन्ही जोडीने घासून बसवलेले असतात, एकाचा डोम दुसऱ्याच्या पिस्टनला लावून चालत नाही. आम्हाला दीड इंची एसयू एच-४ ची पूर्ण जोडी हवी आहे, किंवा निदान एक पूर्ण कार्ब्युरेटर. कुणाच्या गोदामात, बंद पडलेल्या गॅरेजात, भंगारात असा तुकडा पडलेला असेल तर फोटो टाका. योग्य किंमत देऊ. ज्या मिस्तरींना जुळे कार्ब्युरेटर कानाने बॅलन्स करता येतात, असे कुणी भुसावळ, रावेर, शहादा, दोंडाईचा भागात तुमच्या ओळखीचे असतील तर त्यांना निरोप द्या. येण्या-जाण्याचा खर्च आणि पूर्ण मजुरी नाना देणार आहेत.