कुट्टिमचित्रे जागेवरच राहावीत का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुर्कस्तानातील झ्युग्मा येथील रोमन कुट्टिमचित्रे (म्हणजे जमिनीवरील मोझेक) उचलून गाझियानतेप शहरातील संग्रहालयात नेण्यात आली, त्याला मी माझ्या लेखात ‘बचाव’ म्हटले. यावर आपला आक्षेप असा, की पायाखाली असण्यासाठी घडवलेली वस्तू भिंतीवर चढवणे ही सभ्य भाषेतली लूटच होय आणि ती चित्रे जागेवरच राहायला हवी होती. आक्षेपाचा एक भाग मला मान्य आहे. पॉम्पेईच्या ‘फॉनच्या घरा’त १८३१ साली सापडलेले अलेक्झांडर आणि दारियस यांच्या लढाईचे चित्र १८४३ मध्ये नेपल्सला नेण्यात आले आणि पुढे ते भिंतीवर उभे केले गेले. ते चित्र आणि झ्युग्मा यांना मी एकाच ओळीत बसवले, ही माझी चूक. पॉम्पेईत धरणाचे पाणी चढत नव्हते.

झ्युग्मात ते चढत होते. फरात (युफ्रेटिस) नदीवरील बिरेजिक धरणामुळे २००० साली शहराचा काही भाग बुडाला. तेव्हा त्या भागापुरता ‘जागेवर’ याचा अर्थ जलाशयाच्या तळाशी एवढाच उरला होता. शिवाय तेथे जागेवर ठेवून पाहिल्याचा अनुभवही होता. ग्रीक पुराणातील डायोनिसस आणि अरियाडने यांच्या विवाहाचे चित्र उत्खननानंतर तेथेच ठेवले गेले आणि १९९८ मध्ये चोरांनी त्यातील बराचसा भाग कापून नेला. ‘जिप्सी मुलगी’ या नावाने ओळखला जाणारा चेहरा ज्या फरसबंदीचा भाग होता, तिचे १२ तुकडे त्याच्या कितीतरी आधी चोरट्या मार्गाने अमेरिकेत पोहोचले होते. ओहायोतील एका विद्यापीठाने १९६५ साली विकत घेतलेले हे तुकडे २०१८ मध्ये गाझियानतेपला परतले. लूट हा शब्द मी या व्यवहारासाठी राखून ठेवेन.

चित्र भिंतीवर चढवण्यापेक्षा मला अधिक खटकते ती वेगळीच हानी. रोमन जमीन म्हणजे केवळ वरचे रंगीत खडे नव्हेत. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हिअसने वर्णिलेल्या पद्धतीत तळाशी मुठीएवढ्या दगडांची सोलिंग, तिच्यावर खडी आणि चुन्याचा कोबा, त्यावर विटांची भुकटी आणि चुना यांचा थर असतो. आपल्याकडचे जुने गवंडी ज्याला सुरखी म्हणत, तीच ही भुकटी. चित्र उचलताना पृष्ठभागावर कापड चिकटवून खडे सोडवले जातात आणि खालचे थर बहुधा नष्ट होतात. त्याहून वाईट म्हणजे विसाव्या शतकात असंख्य चित्रे लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटवर बसवली गेली. लोखंड गंजले, फुगले, काँक्रीट तडकले आणि वरचे चित्रही फुटले. आज चुन्याचा गिलावा आणि मधमाशांच्या पोळ्यासारख्या रचनेचे हलके ॲल्युमिनियमचे फलक वापरतात, परंतु जुने काँक्रीट खरवडून काढण्याचे काम अत्यंत जिकिरीचे असते.

जागेवर ठेवणे हेही निर्धोक नाही. सिसिलीतील पियाझ्झा आर्मेरिनाच्या रोमन वाड्यातील सुमारे ३,५०० चौरस मीटर चित्रे जागेवरच आहेत. त्यांवर गेल्या शतकात घातलेल्या पारदर्शक छताखाली उष्णता आणि दमटपणा इतका साठू लागला, की अखेर ते छप्पर बदलावे लागले.

आपण सुचवलेला नाही आणि मीही लेखात विसरलो, असा तिसरा मार्ग म्हणजे चित्राची नोंद करून ते पुन्हा मातीने झाकणे. तो बहुधा सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित असतो, पण झाकलेल्या चित्राचे उद्घाटन करता येत नाही, म्हणून तो कोणाला फारसा रुचत नसावा. इस्राएलमधील लोद येथे १९९६ साली सापडलेले रोमन चित्र असेच झाकले गेले आणि २००९ मध्ये पुन्हा उघडून उचलण्यात आले. उचलताना खालच्या चुन्याच्या थरात कारागिरांच्या पावलांचे ठसे दिसले, काही अनवाणी, काही वहाणांचे. चित्र जागेवर राहिले असते तर हे ठसे कोणालाच दिसले नसते. आणि उचलणारे हात घाईचे असते, तर तेही कोब्याबरोबर फोडून टाकले गेले असते.