नऊ ते पाच

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत विजेचे स्मार्ट मीटर बसले आणि माझे सासरे, आप्पा, पुन्हा नोकरीला लागले. पगार नाही, बाकी सगळा रुबाब तोच.

मीटर बिचारा जिन्याखाली निमूट असतो. जुना मीटर महिन्यातून एकदाच, रीडिंगवाला आला की, तोंड उघडायचा. हा नवा मात्र अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब परस्पर वीज कंपनीला कळवतो. वीज गेली तर 'गेली' हेही जाता जाता सांगतो म्हणे. हे काम इतकी वर्षं आमच्या खिडकीतून चालायचं. "समोरच्या बिल्डिंगमध्ये आहेत का बघ गं लाइट!" तिथेही अंधार दिसला की निम्मं उकडणं तिथल्या तिथे कमी व्हायचं.

खरी गोम दरात आहे. १ जुलै २०२५ पासून महावितरणच्या, असा मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. कारण ऐकलं तर पटतं. दिवसा सौर वीज भरपूर, ती साठवून ठेवणं महाग. सूर्य मावळतो आणि नेमके तेव्हाच सगळे घरी येऊन एसी, टीव्ही, गीझर एकदम लावतात. म्हणून वापर दुपारकडे सरकवायचा. फक्त, ९ ते ५ या वेळेत मुंबईकर कुठे असतो हे सूर्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी फोर्टातल्या ऑफिसात, नवरा अंधेरीतल्या ऑफिसात, दोघंही कंपनीच्या एसीत स्वेटर घालून. घरी उरतात आप्पा आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई.

आप्पांनी वही घातली. वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर, सगळ्यांना वेळा नेमून दिल्या. इडलीचं पीठ दुपारी दोनला वाटायचं. मोबाइल चार्जिंगसुद्धा चारच्या आत, आणि माझा मोबाइल माझ्याबरोबर ऑफिसला येतो याबद्दल नाराजी. मीटिंगमध्ये फोन येतो.

"अगं, तुझा तो निळा ड्रेस मशीनला टाकू का? पावणेपाच झालेत."

"आप्पा, तो वेगळा धुवायचा असतो."

"वेगळा धुतला तर पाच वाजून जातील."

त्या दिवशीपासून आप्पांचे लेंगे आकाशी आहेत. रंग गेला, पण सवलतीत गेला.

एका रविवारी मी हिशेब मांडला. मशीनच्या एका फेरीला फार तर अर्धा युनिट, म्हणजे बचत ४० पैसे. महिनाभर रोज धुतलं तरी १२ रुपये, त्यात वडापावही येत नाही. आप्पा ढळले नाहीत. "सगळ्या मुंबईने असाच विचार केला तर? १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय?"

कोण विसरेल? वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. बाहेरचं ग्रिड कोसळलं तर मुंबईने त्यापासून सुटून आपल्यापुरत्या विजेवर तग धरायचा, अशी आयलँडिंगची व्यवस्था आहे. ऐन वेळी तीच कोलमडली. याचा माझ्या निळ्या ड्रेसशी संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती. आप्पा ट्रॉम्बेच्या वीज केंद्रापर्यंत पोचले होते.

आयलँडिंग खऱ्या अर्थाने जमलं ते आईंना. गेल्या आठवड्यात आप्पा ॲपमधला आदल्या दिवसाचा आलेख घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. संध्याकाळी सात ते साडेसातच्या मध्ये एक उंच सुळका उभा होता.

"एक युनिट! गीझर कुणी लावला?"

"मी," आई कणीक मळता मळता म्हणाल्या. "गुडघे शेकले."

"दुपारी शेकायचे."

"दुखतात संध्याकाळी. नऊ ते पाचमध्ये दुखा म्हणून सांगू का त्यांना?"

आप्पांनी वही उघडली, थोडा विचार केला आणि लिहिलं : 'गुडघे – अत्यावश्यक सेवा.' संध्याकाळी सातला गीझर त्यांनीच लावला. मी दारातून आत येतच होते, तर बाथरूममधून आवाज आला, "उद्या आलेख बघून घाबरू नकोस गं. दोघांचे मिळून चार गुडघे आहेत."