तांदूळ कुठला होता?

माझ्या फोनच्या आत पाणी शिरलंय, हे मला काल दादरच्या सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीने सांगितलं. वर विचारलं, "सर, पाण्याशी कॉन्टॅक्ट आला होता का?" जुलै महिना, मुंबई शहर, बाहेर धो धो पाऊस. बाई गं, पापड सादळलेत, आगपेटी सादळलीय, बुटांना बुरशी आलीय. या घरात पाण्याशी कॉन्टॅक्ट न आलेली वस्तू दाखव.

झालं एवढंच होतं, की मुलुंडहून येताना लोकलमध्ये फोन खिशातल्या खिशात बंद पडला.

कंपनीचं नाव सांगत नाही. आजीने जन्मभर आजोबांचं नाव फक्त उखाण्यात घेतलं, माझी निष्ठाही त्याच प्रतीची. फरक इतकाच, की आजोबा शेवटपर्यंत नीट वागले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा याच कंपनीचा फोन खिशात घेऊन मी सायनहून मुलुंडला पाण्यातून चालत गेलो होतो. पंख्याखाली वाळवला, सकाळी चालू! तेव्हापासून बायको, मेहुणा, सोसायटीचे सेक्रेटरी अशा सगळ्यांच्या गळ्यात मी हीच कंपनी मारली, तीही पैशाचं कमिशन न घेता. या वेळचा फोन तर आयपी ६८. सहा म्हणजे धुळीपासून बचाव, आठ म्हणजे पाण्यापासून, हे मेहुण्याला मीच समजावलं होतं.

तर टोकन घेऊन बसलो. शेजारी एक काका, मांडीवर छत्री, छत्रीखाली तळं.

"पाणी?" त्यांनी फोनकडे बघून विचारलं.

"हो."

"तांदळात ठेवलात?"

"रात्रभर."

"कुठला तांदूळ?"

"कोलम."

"वाडा कोलम, की दुकानदार म्हणतो म्हणून कोलम?"

मी गप्प. काका सरसावून बसले. "बासमती कधी ठेवू नये, त्याची टोकं चार्जिंगच्या भोकात जातात. इंद्रायणी चिकट. आंबेमोहोरात ठेवलात तर फोन कानाला लावला की भूक लागणार. बरं, नवा होता की जुना?"

"फोन?"

"तांदूळ हो! नवा तांदूळ स्वतःच ओला असतो, तो दुसऱ्याचं पाणी काय ओढणार?"

पलीकडच्या बाईंनी "पोह्यांत ठेवून बघा" अशी सूचना मांडली. ती काकांनी चर्चेविना फेटाळली. मी म्हटलं, "काका, ॲपलने २०२४ मध्ये सांगितलंय, तांदळात ठेवूच नका, त्याचे बारीक कण फोनला इजा करू शकतात."

"ॲपलवाले भात खातात का?"

याला उत्तर नव्हतं.

"आणि नंतर त्या तांदळाचं काय केलंत?"

"खिचडी."

काकांनी माझ्याकडे अत्यंत दयेने पाहिलं. "म्हणजे फोनमधलं पाणी शेवटी तुमच्याच पोटात गेलं."

विषय बदलावा म्हणून मी त्यांच्या फोनची चौकशी केली. त्यांनी खिशातून बटणांचा, टॉर्चवाला फोन काढला. तोही दुसऱ्याच कंपनीचा आणि ठणठणीत. "याला काय होतंय? बँकेतला एसी बंद आहे, म्हणून इकडे येतो. टोकन घेतलं की कोणी उठवत नाही."

एवढ्यात माझा नंबर लागला. मुलीने फोनच्या पोटातली इवलीशी पट्टी दाखवली. ती मुळात पांढरी असते, पाणी लागलं की लाल होते. माझी लाल होती. खटला संपला. वॉरंटीत पाण्याचं नुकसान बसत नाही, मदरबोर्ड बदलावा लागेल, आणि त्या पैशांत थोडी भर घातली तर नवाच येईल.

"मग तो आठ कशासाठी?"

"सर, ते लॅब कंडिशनमध्ये."

म्हणजे स्वच्छ, स्थिर पाण्यात. पाऊस लॅबमध्ये पडला असता तर माझा फोन वाचला असता. शिवाय आतलं सील वापराने सैल होतं, हे बारीक अक्षरात छापलेलं असतं. जाहिरातीत मात्र तोच फोन पाण्याच्या टाकीत सूर मारतो. पाण्याला घाबरत नाही म्हणून जास्त पैसे घ्यायचे आणि पाण्यानेच मेला की ग्राहकाकडे बोट दाखवायचं. पाणी शिरलं कुठून, सील कोणाचं सुटलं, हे कोणी तपासतच नाही. लाल पट्टी बोलली की बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं. इतक्या वर्षांच्या गिऱ्हाइकाला निदान खुर्चीवर बसवून सांगा. आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवालासुद्धा कढीपत्ता तरी फुकट घालतो.

मुलगी बिचारी मवाळ आवाजात म्हणाली, "सर, फीडबॅकचा मेसेज येईल. दहापैकी दहा द्या ना, नऊ दिलं तरी आमचे पैसे कापतात."

"मेसेज कुठे येईल?"

तिने सवयीने माझ्या मेलेल्या फोनकडे बोट दाखवलं.

बाहेर येऊन ठरवलं, आता ग्राहक हेल्पलाइन. नंबर १९१५, पाठ आहे. काका मागोमाग आलेच. "माझ्यावरून लावा," म्हणत त्यांनी फोन पुढे केला. मी आकडे दाबले. काहीच वाजेना.

"रिचार्ज संपलाय वाटतं," काका म्हणाले. "पण टॉर्च चालू आहे. हवाय का?"